पोच नसलेलं अंडं

पहिल्यांदा पोच अंडं, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं, केलं तेव्हा पातेल्यात जे तयार झालं त्याला घरातल्या एकाने ‘नासलेलं दूध’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘शेवयांची खीर’. दोघांचंही बरोबर होतं. पाण्यावर पांढऱ्या चिंध्या तरंगत होत्या, कडेने फेस जमला होता आणि तळाशी एक उघडाबोडका पिवळा गोळा पडला होता. सांगितलेलं सगळं केलं होतं. चमचाभर व्हिनेगर घातलं होतं, पाण्यात भोवरा फिरवला होता, आच मंद ठेवली होती. तरी दर रविवारी तोच चिंध्यांचा कारभार. मराठीत ‘पोच’ म्हणजे समज, जाण. माझ्या अंड्याला ती नव्हती आणि चार-पाच रविवार मी धरून चालले होते की ती माझ्याच हाताला नाही.

मग एकदा गावाहून येताना नातेवाइकांच्या खुराड्यातली सहा अंडी कागदात गुंडाळून आणली. त्यातलं एक आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं एक, अशी दोन अंडी एकाच पातेल्यात एकामागून एक सोडली. गावचं अंडं पाण्यात गेलं आणि अंगाभोवती शाल ओढून घ्यावी तसं आवरून बसलं. दुकानचं अंडं पाण्याला लागलं तेच विसकटलं. हात तोच, पाणी तेच, गॅसही तोच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की पाण्यात काय होणार हे अंड्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

ते कळायला पातेलं लागत नाही, बशी पुरते. एक अंडं सपाट बशीत फोडा, बशी डोळ्यांच्या पातळीला आणा आणि कडेने बघा. अंडं ताजं असेल तर पिवळं घुमटासारखं उभं दिसतं. त्याच्या भोवती जाडसर, थरथरणारा पांढरा कट्टा असतो आणि कट्ट्याच्या बाहेर पाण्यासारखं पातळ पांढरं पसरलेलं असतं. कवचात असताना आतून बाहेर मोजलं तर थर चार भरतात. पिवळ्याला लगटून एक अगदी पातळ घट्ट पापुद्रा, मग आतलं पातळ पांढरं, मग जाड पांढरं आणि सगळ्यात बाहेर पुन्हा पातळ. ताज्या अंड्यात एकूण पांढऱ्यापैकी सुमारे ६० टक्के जाड असतं आणि बाहेरचं पातळ साधारण पावभागाएवढं. पिवळ्याच्या दोन बाजूंना पिळलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी पांढरं दिसतं, ते पुष्कळ जण ‘कोंब’ समजून चमच्याने काढून टाकतात. ते पिलू नव्हे. पिवळं कवचाला जाऊन आपटू नये म्हणून निसर्गाने त्याला दोन बाजूंनी बांधलेले ते दोर आहेत, आणि जितके ठसठशीत दिसतील तितकं अंडं ताजं.

पोच करताना चिंध्या होतात त्या या बाहेरच्या पातळ पांढऱ्याच्या. त्याला आकार धरता येत नाही. गरम पाण्यात ते आधी पसरतं आणि मग पसरलेल्या अवस्थेतच शिजतं. जाड पांढरं मात्र जेलीसारखं असतं, पाण्यात पडल्यावरही पिवळ्याला सोडत नाही. म्हणजे अंड्यात जाड किती आणि पातळ किती, यावर बराचसा निकाल लागतो. आणि हे प्रमाण रोज बदलत असतं.

कवच दिसतं घट्ट, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. आत वाढणाऱ्या पिलाला श्वास घेता यावा म्हणून ती असतात. आपल्या खाण्याच्या अंड्यात पिलू नसलं तरी छिद्रं आपलं काम करतच राहतात. अंडं घातलं जातं तेव्हा पांढऱ्यात बराच कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. अगदी ताज्या अंड्याचं पांढरं जरा धुरकट दिसतं ते त्यामुळेच. लोक त्याला खराब समजतात, असते ती ताजेपणाची खूण. हा वायू छिद्रांतून हळूहळू निसटतो. तो आम्लधर्मी, त्यामुळे तो गेला की मागे राहिलेलं पांढरं अल्कधर्मी होत जातं. घातल्या दिवशी पांढऱ्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ मधोमध, खाली आम्ल, वर अल्क) ७.६च्या आसपास असतो. बाहेर ठेवलेल्या अंड्यात तो काही दिवसांत ९च्या पुढे जातो. खायच्या सोड्याचं पाणी ८.३च्या आसपास असतं, म्हणजे आठवड्याभराच्या अंड्याचं पांढरं सोड्याच्या पाण्यापेक्षाही अल्कधर्मी! स्वयंपाकघरातले बहुतेक पदार्थ आम्लाच्या बाजूला झुकलेले असतात, अंड्याचं पांढरं हा त्यातला मोठा अपवाद.

जाड पांढरं जाड असतं ते ओव्होम्युसिन नावाच्या प्रथिनामुळे. एकूण पांढऱ्यात ते फार थोडं असतं, पण त्याचे लांबच लांब रेणू लायसोझाइम नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी हात गुंफून जाळं धरतात. (हे लायसोझाइम म्हणजे जिवाणूंचं कवच फोडणारं रसायन. अलेक्झांडर फ्लेमिंगने ते पेनिसिलिनच्या आधी, १९२२च्या सुमारास उजेडात आणलं. आणि १९६५ साली लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी ज्या पहिल्या विकराची त्रिमितीय रचना उलगडली तेही कोंबडीच्या अंड्यातलंच लायसोझाइम. न्याहारीच्या बशीत बराच इतिहास असतो.) पीएच चढला की हे गुंफलेले हात सैल होतात, जाळं विरतं आणि जाड पांढऱ्याचं पातळ होत जातं. उष्णतेत हे सगळं वेगाने घडतं, थंडीत सावकाश.

पांढऱ्याची ही उतरती कळा मोजण्याचं एक माप अंडी-उद्योगात आजही चालतं, हॉ एकक. रेमंड हॉ यांनी ते १९३७ साली सुचवलं. कल्पना आपल्या बशीतल्या प्रयोगासारखीच आहे: अंडं सपाट काचेवर फोडायचं, जाड पांढऱ्याची उंची मोजायची आणि अंड्याच्या वजनाचा हिशेब घालून आकडा काढायचा. अमेरिकेत ७२ किंवा त्याहून वर आलं तर सर्वात वरची प्रत. घरी आकडा काढायची गरज नाही. कट्टा उभा दिसला तर पोच करा, बशीभर पसरला तर सरळ ऑम्लेट करा आणि दिवस वाचवा.

‘ताजी अंडी घ्या’ हा सल्ला पाश्चात्त्य पाककृतींमध्ये पहिल्या ओळीत असतो. तिथल्या खोक्यावर तारीख असते, दुकानात ते शीतकपाटात असतं. आपल्याकडे तीस अंड्यांचा ट्रे दुकानाच्या दारात, वर कावळ्यांपासून वाचवायला एक जाळी आणि मे महिन्याचं ऊन. डझन-अर्धा डझन सुटी अंडी कागदी पिशवीत मिळतात. ती नामक्कलहून ट्रकने आली की हैदराबादकडून की जवळच्याच शेडमधून, आणि कधी निघाली, हे दुकानदारालाही नेमकं ठाऊक नसतं. उकडायला ही अंडी उत्तम. अगदी ताजं अंडं उकडलं तर त्याचं पांढरं आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं आणि सोलताना अर्धं टरफलाबरोबर जातं. पीएच चढलेल्या अंड्याचं टरफल मात्र सुटून येतं. एकाच अंड्याला उकडण्यासाठी म्हातारपण लागतं आणि पोचसाठी बालपण. विकत घेताना मनात काय करायचं आहे ते ठरलेलं असावं, एवढंच.

आता पाण्याकडे वळू.

पांढरं म्हणजे जवळजवळ ८८ टक्के पाणी आणि १० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. इतक्या पाण्याचा घट्ट गोळा होतो कसा? यात्रेच्या दिवसांतली धर्मशाळा डोळ्यांपुढे आणा. दुपारी दोनशे वळकट्या गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेल्या असतात, मधून लोक आरामात ये-जा करतात. कच्च्या पांढऱ्यातली प्रथिनं अशी गुंडाळलेली असतात, म्हणून प्रकाश आरपार जातो आणि पांढरं काचेसारखं दिसतं. रात्री दोऱ्या सुटतात, वळकट्या पसरतात, एकीची कड दुसरीवर चढते आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. उष्णता त्या दोऱ्या सोडते. उलगडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून जाळं विणतात, पाणी त्या जाळ्यात जागच्या जागी अडकतं आणि प्रकाश अडखळून परत फिरतो, म्हणून पांढरं खरोखरचं पांढरं होतं. उष्णता देतच राहिलं तर जाळं आवळत जातं, ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर पडतं, आणि आपल्या वाट्याला रबर येतं.

सगळ्या वळकट्या एकाच वेळी सुटत नाहीत. ओव्होट्रान्सफरिन नावाचं प्रथिन ६१-६२ अंशांनाच सैल होतं, पण पांढऱ्यातल्या प्रथिनांत त्याचा वाटा आठव्या हिश्शाइतकाच. अर्ध्याहून अधिक असतं ओव्हाल्ब्युमिन, आणि ते ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. जुन्या अंड्याची इथे आणखी एक खोड आहे. पीएच आणि तापमान चढं असताना ओव्हाल्ब्युमिनचा काही भाग अशा रूपात बदलतो, की तो ९० अंशांपलीकडेही तग धरतो. म्हणजे जुनं पांढरं आधीच पातळ, त्यात घट्ट व्हायलाही चेंगट. पिवळ्याचं गणित वेगळं. ते ६५ अंशांना दाटायला लागतं आणि ७० अंशांच्या आसपास धरतं. गंमत इथे आहे. पोच अंड्यात आपल्याला पांढरं शिजलेलं आणि पिवळं वाहतं हवं असतं, म्हणजे ज्याला जास्त उष्णता लागते ते आधी आणि ज्याला कमी लागते ते नंतर! हे जमतं याचं कारण एकच, पांढरं बाहेर आहे आणि पिवळं आत. उष्णता बाहेरून आत जायला वेळ घेते. जाडी दुप्पट झाली तर मध्यापर्यंत पोचायला तिला चौपट वेळ लागतो. सव्वा इंचाच्या पिवळ्या गोळ्याच्या पोटात ती शिरेपर्यंत तीन-साडेतीन मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात बाहेरचं काम उरकतं.

जपानी लोकांनी हाच हिशेब उलटा फिरवून ‘ओन्सेन तामागो’ केलं. गरम झऱ्यांच्या ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात अंडं कवचासकट निवांत ठेवायचं. इतका वेळ मिळाला की आत-बाहेर तापमान सारखं होतं. मग पिवळं लोण्यासारखं दाटतं आणि पांढरं सायीच्या दह्यासारखं लिबलिबीत राहतं. आणि २०२५च्या फेब्रुवारीत नेपल्सच्या संशोधकांनी दोन्ही टोकं एकदम साधायचा घाट घातला. अंडं दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, दोन मिनिटं ३० अंशांच्या पाण्यात, असं आलटून पालटून ३२ मिनिटं. पांढऱ्याला आळीपाळीने चटके बसत राहतात, मधल्या पिवळ्यापर्यंत त्यांची सरासरी तेवढी पोचते आणि ते ६७ अंशांच्या आसपास स्थिर राहतं. प्रयोग सुंदर आहे. रविवारी सकाळी चौघांसाठी करून बघायचा असेल तर माझ्या शुभेच्छा.

पोचसाठी पाणी ८० ते ८५ अंश हवं. खळखळून उकळणारं पाणी का नको, याचं कारण तापमानापेक्षा बुडबुड्यांत आहे. तळातून वर धावणारा वाफेचा प्रत्येक बुडबुडा न धरलेल्या पांढऱ्याला धक्का देऊन फाडत जातो. स्वयंपाकघरात तापमापक नसला तरी अडत नाही. पातेल्याच्या तळाला साबुदाण्याएवढे मणी चिकटून बसलेत, क्वचित एखादा सुटून वर येतोय, पृष्ठभागावरून वाफेच्या बटा निघताहेत पण पाणी हलत नाही, ही ती वेळ. मी पाण्याला सरळ आधण आणते, मग गॅस एकदम बारीक करते आणि मिनिटभर थांबते. लेहमध्ये ३,५०० मीटर उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथल्या माणसाला आच सांभाळायची तेवढी कमी चिंता. बुडबुडे मात्र त्यालाही नकोतच. पुण्यात ते ९८ला उकळतं, तेव्हा आपल्याला थांबायलाच हवं.

पातेलं किती मोठं, हा प्रश्न किरकोळ वाटतो. तो तसा नाही. एक लिटर पाणी ८५ अंशांवर आहे असं धरा आणि त्यात फ्रिजमधून काढलेलं ५ अंशांचं, कवचाशिवाय ५० ग्रॅमचं अंडं सोडा. सरळ उष्णतेचा हिशेब केला तर पाणी-अंडं मिळून ८२ अंशांवर येतील. चालेल. तेवढ्याच पाण्यात चार अंडी सोडली तर हा आकडा ७४वर उतरतो. आणि छोट्या भांड्यात अर्धाच लिटर पाणी घेऊन चार अंडी घातली तर ६६! एवढ्यात ओव्हाल्ब्युमिनला जागही येत नाही. खालचा गॅस पाण्याला पुन्हा वर आणेपर्यंत पांढरं पसरायला मोकळं. म्हणून पाणी भरपूर, अंडी थोडी, आणि जमल्यास अंडी अर्धा तास आधी फ्रिजबाहेर.

खोलीचाही फरक पडतो. तीन-चार इंच खोल पाण्यात अंडं खाली जाता जाता पांढरं मागे ओढलं जातं आणि थेंबासारखा गोल आकार येतो. उथळ तव्यात ते तळावर बसतं आणि हाफ फ्रायसारखं चपटं होतं. चवीत फरक नाही, तेव्हा ज्याची त्याची हौस.

व्हिनेगरचं काम खरं आहे. अल्कधर्मी पांढऱ्यातल्या बहुतेक प्रथिनांवर ऋण विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. आम्ल तो भार कमी करतं. ओव्हाल्ब्युमिनवरचा भार पीएच ४.५च्या आसपास शून्याला येतो. दुरावा संपला की उलगडलेली प्रथिनं पटकन चिकटतात, बाहेरची कातडी लवकर धरते आणि आतलं सांभाळलं जातं. लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर पांढरं व्हिनेगर पुरे, किंवा अर्ध्या लिंबाचा रस. त्याची किंमतही मोजावी लागते. पृष्ठभाग मऊ-चकचकीत न राहता जरा सुरकुततो आणि जिभेला आंबटाचा झटका लागतो. अंडं ताजं असेल तर मी व्हिनेगरला हात लावत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पोच हा साहेबी प्रकार आहे असं मानून आपण घाबरतो. पण उकळी ओसरलेल्या रश्श्यात अंडी फोडून सोडायची, वर झाकण ठेवायचं आणि डाव न घालता शिजू द्यायची, हे आपल्याकडे घरोघरी चालत आलेलं आहे. अंडी उकडून सोलत बसायला वेळ नसला की हाच मार्ग. हे पोचिंगच, आणि पाण्यातल्यापेक्षा जास्त भरवशाचं. नारळाच्या वाटणाचा दाट रस्सा पातळ पांढऱ्याला पसरू देत नाही, पाणी पसरू देतं. वर त्यात चिंच, कोकम किंवा टोमॅटो असतो, म्हणजे आम्लाची सोय परस्पर झाली. उत्तर आफ्रिकेतली टोमॅटोची शक्षुका याच तत्त्वावर उभी आहे, आणि पारशांची ‘पेर ईडू’, म्हणजे भाजीच्या किंवा ‘सली’च्या (बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्यांच्या) थरावर अंडी फोडून झाकण ठेवणं, तिचीच चुलतबहीण. इडलीपात्राच्या खळग्यांना तूप लावून अंडी वाफवतात तेही छान लागतं, आकारही नेटका येतो. फक्त ते वाफवलेलं अंडं झालं. पाणी त्याला शिवलेलंच नसतं.

नावाचा गोंधळ काही आपणच घातलेला नाही. कोलकात्यात ‘डिमेर पोच’ मागितलं तर तव्यावर तेलात केलेलं, वर पिवळं डोळा उघडून बघणारं अंडं येतं, ज्याला आपल्याकडे हाफ फ्राय म्हणतात. पाण्यातलं हवं असेल तर तिथे ‘जल पोच’ सांगावं लागतं. मूळ फ्रेंच शब्दाचा संबंध खिशाशी, पिशवीशी आहे. पांढऱ्याची पिशवी आणि तिच्यात पिवळं. मराठीत याला ‘पुरचुंडी’ इतका चपखल शब्द पडून आहे, कुणी उचलत नाही.

भोवऱ्याची गोष्ट व्हिनेगरपेक्षा रंजक. चहा कपात ढवळला की तळाची पत्ती मधोमध गोळा होते, हे आपण रोज बघतो. खरं तर फिरणारं पाणी वस्तूला बाहेर फेकतं, मग पत्ती आत का येते? हे कोडं आइन्स्टाइनने १९२६ साली, नद्या वळणं का घेतात हे समजावताना, सोडवून दाखवलं. फिरणारं पाणी कडेला दाटतं, त्यामुळे कडेला दाब जास्त आणि मध्ये कमी. तळाजवळचं पाणी मात्र तळाशी घासून मंद झालेलं असतं, त्याची बाहेर पळण्याची ओढ कमी पडते, आणि कडेचा दाब त्याला आत ढकलतो. त्या आत येणाऱ्या प्रवाहावर बसून पत्ती मध्यभागी येते. तांदूळ धुताना पातेलं गोल हिसळलं की दाणे मधोमध ढीग करतात तेही याचमुळे. भोवऱ्यात सोडलेलं अंडं तळाशी मधोमध बसतं आणि तोच आतला प्रवाह पांढऱ्याच्या कडा पिवळ्याकडे लोटतो.

म्हणजे युक्ती शास्त्रशुद्ध आहे. तरीही माझं तिच्याशी फारसं पटत नाही. एक तर ती एका वेळी एकाच अंड्याला उपयोगी. दुसरं सोडलं की ते पहिल्यावर जाऊन आदळतं. आणि अंडं जुनं असेल तर जोरात फिरणारं पाणी पातळ पांढऱ्याला ओढून त्याची लांबलचक शेपटी काढतं. माझी ‘शेवयांची खीर’ झाली होती ती अशी. भोवरा घालायचाच तर पळीने दोन हलके फेरे द्या, पाणी जरा मंदावू द्या आणि मग सोडा.

दुकानच्या अंड्यावर खरा इलाज आहे गाळणी. इतका साधा, की सुचायला मला वर्ष लागलं याची लाज वाटते. चिंध्या पातळ पांढऱ्याच्या होतात ना, मग ते पाण्यात जाऊच द्यायचं नाही. बारीक जाळीची, वाडग्यासारखी खोलगट स्टीलची गाळणी घ्यायची. चहाची नको, ती लहान पडते आणि वास लागतो. अंडं आधी वाटीत फोडायचं, म्हणजे पिवळं फुटलं किंवा अंडं खराब निघालं तर तिथेच कळतं. मग वाटी जाळीला टेकवून ते अलगद घसरू द्यायचं आणि गाळणी हातात अगदी हळू गोल फिरवायची. पाच-सात सेकंद काहीच होत नाही. मग जाळीखालून पहिला थेंब लोंबतो, ताणला जातो, तुटतो, आणि मागोमाग धार लागते. पंधरा-वीस सेकंदांत धार थांबते. ताज्या अंड्याचं चमचा-दीड चमचा पातळ पांढरं खाली येतं, जुन्याचं त्याच्या दुप्पट-तिप्पट. जाळीवर जे उरतं ते बघण्यासारखं असतं: पिवळं आणि त्याला बिलगलेलं जाड पांढरं, कडा गोल, जणू नुकतंच घातलेलं अंडं. आता तीच गाळणी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत न्यायची, कड किंचित पाण्यात बुडवायची आणि अंडं घरंगळू द्यायचं. वरून टाकायचं नाही.

पहिली तीस सेकंद हात आवरायचा. मग झाऱ्याने खालून हलकेच एकदा सोडवायचं, तळाला चिकटू नये म्हणून. तीन मिनिटांनी झाऱ्यावर उचलून बोटाने दाबून बघा. पांढरं गालासारखं आणि मधलं पिवळं फुगवलेल्या फुग्यासारखं लवचीक लागलं, की झालं. पांढरं अजून पाण्यासारखं डुलत असेल तर आणखी अर्धं मिनिट. झारा दुमडलेल्या फडक्यावर टेकवून पाणी टिपायचं, नाहीतर खालचा पाव भिजून जातो. आणि गाळणी लगेच गार पाण्याखाली धरायची. गरम पाण्याने धुतली तर जाळीतलं अंडं तिथेच शिजतं, मग टूथब्रश घेऊन बसा. हे मी केलेलं आहे.

गाळलेलं पातळ पांढरं टाकून देऊ नका. दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटमध्ये जातं, कटलेटला वरून लावायलाही चालतं.

वाहत्या पिवळ्याबद्दल एक सावधगिरी. साल्मोनेला हा जिवाणू कवचावर असतो तसा क्वचित अंड्याच्या आतही असतो, आणि वाहत्या पिवळ्याचं तापमान त्याला खात्रीने मारण्याइतकं चढलेलं नसतं. अमेरिकेत अंड्याच्या पदार्थांसाठी ७१ अंशांची खूणगाठ सांगतात, म्हणजे पिवळं धरल्यावरची. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि आजारपणातून उठलेले यांच्यासाठी पाच-सहा मिनिटं ठेवून पिवळं घट्ट करावं. तडा गेलेलं अंडं पोचला कुणासाठीच घेऊ नये.

पाहुणे असले की माझी धांदल उडायची, कारण पोच अंडं वाट बघत नाही असं मला वाटायचं. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात ते चक्क आधी करून ठेवतात. तीन मिनिटं झाली की अंडं थेट बर्फाच्या पाण्यात टाकायचं. आत शिरत चाललेली उष्णता तिथेच थबकते आणि पिवळं वाहतं राहतं. पाण्यासकट डबा फ्रिजमध्ये ठेवला तर रात्री केलेली अंडी सकाळी चालतात. खायच्या वेळी हाताला चटका बसेल इतक्या गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात मिनिटभर सोडायची. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आठ अंडी अशी तयार ठेवली होती. तुर्कस्तानात ‘चिलबिर’ करतात तसं, लसूण घातलेल्या दह्यावर ती ठेवून वरून लाल तिखटाचं गरम लोणी ओतलं. ‘शेवयांची खीर’ म्हणणाऱ्याने दोन खाल्ली, आणि तिसऱ्यासाठी बशी पुढे करताना विचारलं, दुकानचीच ना?